बढती हवी आहे की दखल?

प्रश्न : कारखान्यांना पंप आणि त्यांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत मी सहा वर्षं सेल्समध्ये आहे. गेली तीन वर्षं टार्गेट पूर्ण होतंय, बहुतेक वेळा त्याच्याही पुढे जातं. मागच्या वर्षी एरिया मॅनेजरची जागा रिकामी झाली, तेव्हा ती मलाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. ऐनवेळी बाहेरून एकाला आणलं. त्याचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त आहे आणि आमचं प्रॉडक्ट त्याला मीच शिकवलं. आता आमच्या भागाची विभागणी होणार आहे, त्यात आणखी एक जागा निघेल. रिजनल मॅनेजर साहेब म्हणतात, ‘धीर धर, या वेळी तुझंच नाव आहे.’ दरम्यान एका स्पर्धक कंपनीकडून टीम लीडरची ऑफर आली आहे. एकूण पगारात 30 टक्के वाढ, आणि उत्तर दहा दिवसांत द्यायचं आहे. माझ्यासोबत लागलेले जवळजवळ सगळे मॅनेजर झालेत. टीम सांभाळणं ही डोकेदुखी असते हे माहीत आहे, पण कधीतरी ती घ्यावीच लागणार ना? बाहेर जाऊ, की इथेच राहून बढतीसाठी जोर लावू? आणि ऑफर हातात आहे हे साहेबांना सांगू का?

उत्तर : तुमचं मूळ पत्र बरंच मोठं होतं, जागेअभावी वर त्याचा सारांश दिला आहे. पण जो भाग गाळावा लागला तोच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

त्यात तुम्ही एका कारखान्याबद्दल लिहिलं आहे. तिथले मेंटेनन्स हेड कित्येक महिने भेटच देत नव्हते. पर्चेसवाले फक्त दर विचारायचे आणि स्वस्तवाल्याला ऑर्डर देऊन मोकळे व्हायचे. एकदा गेटवर थांबलेल्या असताना तिथल्या फिटरकडून तुम्हाला कळलं की एका पंपाचं गळती रोखणारं सील दर दोन-तीन महिन्यांनी जातं. दुसऱ्या कुणीही लगेच सीलचं कोटेशन दिलं असतं. तुम्ही आधीच्या दुरुस्त्यांच्या तारखा मागितल्या, पंपाची क्षमता आणि प्रत्यक्ष लागणारा प्रवाह ताडून पाहिला, आणि लक्षात आलं की पंपच गरजेपेक्षा खूप मोठा बसवला आहे. असा पंप व्हॉल्व्ह आवळून सतत कमी प्रवाहावर चालवला की शाफ्टवर एका बाजूने ताण येतो, आणि सील आणि बेअरिंग लवकर खराब होतात. हे सगळं तुम्ही एका कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवलंत. पंप बदलला गेला, आणि आज तो कारखाना तुम्हाला विचारल्याशिवाय नवा पंप घेत नाही.

हे तुम्हाला कुणी विचारलेलं नव्हतं. तरी तुम्ही दीड पान लिहिलंत, आणि ते वाचताना तुमचा उत्साह मला समोर दिसत होता. टीमबद्दल मात्र अख्ख्या पत्रात एकच वाक्य आहे, आणि त्यात ‘डोकेदुखी’ आहे.

म्हणून आधी मीच तुम्हाला विचारते. तुम्हाला मॅनेजरचं काम करायचं आहे, की मागच्या वर्षी डावललं गेलं त्याची भरपाई हवी आहे? दोन्ही हवं असण्यात गैर काही नाही. पण भरपाई म्हणून घेतलेली खुर्ची पुढची चार-पाच वर्षं रोज सकाळी तुमच्यासमोर असणार आहे, आणि तिच्यात बसून काय करायचं असतं याचा विचार तुमच्या पत्रात कुठेच दिसला नाही.

तुमच्यावर अन्याय झाला आहे, हे मी पूर्णपणे मान्य करते. जो माणूस आपलं प्रॉडक्ट आपल्याकडूनच शिकतो तो आपल्याहून जास्त पगार घेतो, हे पचवणं फार कठीण असतं. पण यात तुमची लायकी कमी पडली असं कृपया मनात आणू नका. हा प्रकार इतका सर्रास आहे की त्याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या व्हॉर्टन बिझनेस स्कूलमधले मॅथ्यू बिडवेल यांनी एका गुंतवणूक बँकेच्या अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांची माहिती तपासली आणि 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाहेरून घेतलेल्यांना आतून बढती मिळालेल्यांपेक्षा सुमारे 18 टक्के जास्त पगार दिला जात होता, आणि पहिली दोन वर्षं त्यांच्या कामाचं मूल्यमापन मात्र आतल्यांपेक्षा कमी येत होतं. ते बँकेचं चित्र आहे, सेल्सचं नाही, पण कारण दोन्हीकडे सारखंच आहे. बाहेरच्याचा बायोडेटा दिसतो, उणिवा दिसत नाहीत. आतल्याच्या उणिवा सहा वर्षं सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, आणि तो तेवढ्याच पगारात काम करतो आहे हेही सगळ्यांना माहीत असतं.

या अभ्यासाची दुसरी बाजूही लक्षात घ्या. स्पर्धक कंपनीत जाल तेव्हा बाहेरून आलेली व्यक्ती तुम्ही असाल. जास्त पगार तुम्हाला मिळेल, आणि दोन वर्षं चाचपडणंही तुमच्याच वाट्याला येईल. तिथेही कुणीतरी सहा वर्षं काम केलेलं असेल, आणि ते तुमच्याकडे तुम्ही आज त्या एरिया मॅनेजरकडे बघता तसंच बघेल.

आता मॅनेजरच्या कामाबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण सेल्समधले बरेच जण या कामाकडे ‘मोठं सेल्स’ म्हणून बघतात आणि तिथेच फसतात.

आठवड्याची सुरुवात रिव्ह्यूने होते. सहा जणांची पाइपलाइन, म्हणजे चालू असलेल्या डील्सची यादी, घेऊन बसायचं. प्रत्येक जण सांगतो की डील ‘जवळजवळ झालंच आहे’, आणि त्यातलं कुठलं खरं आणि कुठलं गेले तीन महिने असंच जवळजवळ होतंय हे तुम्ही ओळखायचं, कारण वर आकडा तुम्ही देणार असता. मग एकाचं कलेक्शन अडकलेलं असतं, त्यासाठी अकाउंट्सशी भांडायचं. दुसऱ्याला डिस्काउंटचं अप्रूव्हल हवं असतं आणि ते देणं योग्य नसतं. तिसऱ्याच्या भागातला ग्राहक चौथ्याने फोडलेला असतो. एक चांगला मुलगा राजीनामा घेऊन आलेला असतो, आणि एक न जमणारा मुलगा आहे ज्याला ‘हे काम तुझ्यासाठी नाही’ असं समोर बसवून सांगायचं तुम्ही दोन महिने टाळलेलं असतं. या सगळ्यातून ग्राहकाकडे जायला वेळ मिळालाच तर तिथे बोलायचं दुसऱ्याने, तुम्ही ऐकायचं. जिंकलं तर श्रेय त्याचं, हरलं तर उत्तर तुमचं.

ज्यांना हे आवडतं त्यांना ते मनापासून आवडतं. काल अडखळणारा मुलगा आज एकटा डील क्लोज करून येतो तेव्हा त्यांना स्वतःच्या ऑर्डरपेक्षा जास्त आनंद होतो. अशी माणसं मी जवळून पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण हे वेगळं काम आहे. चांगलं विकणाऱ्याला ते आपोआप येतं असं नाही, आणि हे माझं नुसतं मत नाही.

ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू या तिघा संशोधकांनी अमेरिकेतल्या अनेक कंपन्यांमधल्या सेल्सच्या हजारो कर्मचाऱ्यांची माहिती तपासून 2019 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कंपन्या बढती देताना सगळ्यात जास्त विक्री करणाऱ्यालाच उचलतात, हे त्यात दिसलं. त्यात नवल नाही. पण बढती मिळालेल्यांमध्ये ज्याची स्वतःची विक्री जितकी जास्त होती, त्याच्या हाताखालच्यांची कामगिरी तितकी कमी भरत होती, हेही दिसलं. चांगले मॅनेजर निघण्याची शक्यता कुणाची जास्त होती? जे आधीपासून इतरांसोबत मिळून डील करत होते त्यांची. तरीही कंपन्या आकडाच बघतात, कारण सगळ्यात जास्त विकणाऱ्याला सोडून दुसऱ्याला बढती दिली तर बाकीच्यांचा विश्वास उडेल अशी भीती त्यांना असते. म्हणजे बढती हे बक्षीस म्हणून वापरलं जातं. तुम्हीही ती बक्षीस म्हणूनच मागताय.

तुमच्याबद्दल हे मी एका पत्रावरून म्हणतेय, आणि पत्र म्हणजे माणूस नव्हे. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवण्याऐवजी स्वतःच तपासून बघा. या आठवड्यात एखाद्या ज्युनिअरला घेऊन त्याच्या ग्राहकाकडे जा. आधी त्याच्याशी बसून भेटीची तयारी करा, काय विचारायचं ते त्यालाच ठरवू द्या. मग भेटीत नमस्कारापलीकडे काहीही बोलू नका. तो चुकीचा प्रश्न विचारेल. ग्राहकाने दिलेला इशारा त्याच्या डोक्यावरून जाईल. दर विचारला की तो घाईने खाली येईल. तुमच्या जिभेवर उत्तर तयार असेल, ते गिळा. बाहेर आल्यावर त्याला चुका सांगू नका, ‘तुला काय वाटलं?’ एवढंच विचारा, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबा. संध्याकाळी घरी जाताना तुमच्या मनात काय आहे ते बघा. ‘पुढच्या वेळी याला असं शिकवलं तर?’ असं येत असेल, तर माझा अंदाज चुकला आणि तुम्ही बढतीसाठी जरूर झटा. ‘माझ्या हातात असतं तर आज ऑर्डर निघाली असती’ हेच घोळत राहिलं, तर तुम्ही विकणाऱ्या आहात. त्यात कमीपणा काहीच नाही.

बरोबरीचे सगळे मॅनेजर झाले, याचा त्रास होतो हे मला कळतं. पण त्यातल्या दोघांना एकांतात विचारा की शेवटचं स्वतःचं डील कधी केलं आणि त्याची आठवण येते का.

तुम्ही विकणाऱ्या आहात असं ठरलं, तर प्रश्नच बदलतो. तुमच्यापुढे असलेल्या दोन्ही वाटा, इथलं एरिया मॅनेजरपद आणि तिथलं टीम लीडरपद, एकाच ठिकाणी जातात, आणि ते ठिकाण तुमचं नाही. तिसरी वाट म्हणजे ‘की अकाउंट’ (key account). मोजके मोठे ग्राहक, मोठे आणि लांब चालणारे व्यवहार, जास्त व्हेरिएबल (टार्गेटवर अवलंबून असलेला पगाराचा भाग), हाताखाली कुणी नाही. बऱ्याच कंपन्यांत की अकाउंट मॅनेजरचा हुद्दा एरिया मॅनेजरच्या बरोबरीचा असतो. तुमच्या कंपनीत असं पद नसेल तरी मागता येतं, आणि भागाची विभागणी चालू असतानाच ते मागण्याची खरी वेळ असते. एकदा नकाशा ठरला की कुणी तो पुन्हा उघडत नाही. स्पर्धक कंपनीलाही हेच विचारा: ‘टीम लीडरऐवजी मोठ्या ग्राहकांची जबाबदारी देता येईल का?’ त्यांना तुम्ही हव्या आहात त्या तुमच्या ग्राहकांमधल्या वजनामुळे. ते या प्रश्नाने नाराज होतील असं मला वाटत नाही.

आता त्या 30 टक्क्यांकडे येते. सेल्समध्ये ‘एकूण पगार’ हा शब्द फार सावधपणे घ्यावा लागतो. तुमच्या पत्रात खरे आकडे नाहीत, म्हणून मी काल्पनिक धरते. समजा, तुमचा आजचा एकूण पगार 100 आहे. त्यात 70 फिक्स्ड आणि 30 व्हेरिएबल, म्हणजे टार्गेट शंभर टक्के झालं तर मिळणारं. तुम्ही साधारण 110 टक्के करता, म्हणजे व्हेरिएबल 33 होतं आणि हातात 103 येतात. नवी ऑफर 130 ची. त्यात समजा 80 फिक्स्ड आणि 50 व्हेरिएबल, आणि ते व्हेरिएबल तुमच्या नाही, टीमच्या टार्गेटवर. नवी टीम, नवे ग्राहक, एखादी जागा भरायची राहिलेली. पहिल्या वर्षी निम्मं व्हेरिएबल मिळालं तरी बरं म्हणायचं. म्हणजे 80 अधिक 25, एकूण 105. तुमची 30 टक्के वाढ पहिल्या वर्षी 2 वर आली. त्यातून इथे एखाद्या तिमाहीचं इन्सेंटिव्ह मागे सोडून गेलात, तर आणखी 8 गेले. कारण पैसे ग्राहकाकडून वसूल झाल्यावरच इन्सेंटिव्ह देणाऱ्या कंपन्या खूप आहेत, आणि पे-आउटच्या दिवशी माणूस नोकरीत हवा अशीही अट असते. म्हणजे 97. इथे राहून 103, तिथे जाऊन 97.

याहून वाईटही होऊ शकतं. काही कंपन्यांत किमान पातळी ठरलेली असते. टीमचं टार्गेट तिच्याखाली राहिलं तर व्हेरिएबल निम्मं नाही, शून्य मिळतं.

पण हेच गणित तुमच्या बाजूनेही वळवता येतं. पहिले सहा महिने व्हेरिएबल पूर्ण मिळण्याची हमी मागा. अशी हमी देण्याची पद्धत सेल्समध्ये आहे, पण ती बहुतेक वेळा मागणाऱ्यालाच मिळते. ती मिळाली तर सहा महिन्यांचे 25 पक्के, उरलेल्या सहा महिन्यांत निम्म्या दराने साडेबारा, आणि फिक्स्ड 80. एकूण एकशे साडेसतरा. मागे राहिलेल्या इन्सेंटिव्हची भरपाई जॉइनिंग बोनस म्हणून मागा. हे दोन्ही ऑफर लेटरमध्ये लिहून आलं, तर ऑफर खरोखर चांगली आहे. ‘आमच्याकडे सगळ्यांना व्हेरिएबल पूर्ण मिळतं हो’ असं नुसतं तोंडी मिळालं, तर मग हमी लिहून द्यायला अडचण काय, हे नम्रपणे विचारा.

त्यांना आणखी काही विचारायला हवं. ही जागा का रिकामी झाली? आधीचा माणूस किती काळ टिकला? गेल्या वर्षी टीममधल्या किती जणांनी टार्गेट पूर्ण केलं? या शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर आलं नाही, तर ते उत्तरच समजा. टार्गेट कुणी आणि कशावरून ठरवलं, डिस्काउंट कुठपर्यंत तुमच्या हातात, वरच्या कमाईला मर्यादा आहे का, ग्राहकाने माल परत केला तर दिलेलं इन्सेंटिव्ह परत घेतात का, हेही. आणि एचआरच्या पलीकडे जाऊन त्या टीममधल्या एकाशी अर्धा तास तरी बोला.

एक प्रश्न मात्र स्वतःलाच विचारायचा आहे, आणि तो पगारापेक्षा अवघड आहे. तुमच्या विक्रीत तुमचं किती आणि कंपनीचं किती? हार्वर्डचे बोरिस ग्रॉयसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेअर बाजारातल्या हजाराहून जास्त नावाजलेल्या विश्लेषकांचा माग काढला. 2004 मध्ये त्यांनी लिहिलं की कंपनी बदललेल्यांची कामगिरी सरासरी 20 टक्क्यांनी घसरली आणि पाच वर्षांनंतरही पूर्ववत झाली नाही. ही माणसं हुशार होतीच. पण त्यांच्या हुशारीखाली जुन्या कंपनीची यंत्रणा, सहकारी, नाव हे सगळं होतं, आणि ते मागे राहिलं. सोबत सहकारी घेऊन गेलेल्यांचं नुकसान कमी झालं. तुमच्या बाबतीत ती यंत्रणा म्हणजे रात्री अकराला फोन उचलणारा सर्व्हिस इंजिनिअर, वेळेवर मिळणारे सुटे भाग आणि आधीच बसलेले शेकडो पंप.

म्हणून आज रात्री एक कागद घ्या आणि गेल्या वर्षातल्या तुमच्या सगळ्यात मोठ्या दहा ऑर्डर लिहा. प्रत्येकीपुढे खरं खरं नोंदवा: ग्राहकाने आपणहून विचारणा केली होती, जुन्या ग्राहकाची पुन्हा आलेली ऑर्डर होती, की तुम्ही शून्यातून उभी केली होती. शून्यातून उभ्या केलेल्या पाच-सहा निघाल्या, तर तुम्ही कुठेही जाऊन पाय रोवू शकता. दोनच निघाल्या, तर बाहेरचं पहिलं वर्ष तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खडतर जाईल, आणि इथली जागा तुम्हाला वाटते त्याहून मोलाची आहे.

साहेबांच्या शब्दाबद्दल. ते खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही. पण त्यांचं स्वतःचं व्हेरिएबल तुमच्या आकड्यावर उभं आहे. तुम्हाला खुर्चीत बसवलं की तुमच्या भागातला आकडा कोण आणणार, ही काळजी त्यांना असणार, आणि ‘पुढच्या वेळी’ म्हणणं हा त्या काळजीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. शिवाय निर्णय त्यांच्या एकट्याच्या हातात नसावा. मागच्या वर्षी असता, तर बाहेरचा माणूस आला नसता.

त्यांच्याकडे वेगळा वेळ मागून बसा. रिव्ह्यूच्या शेवटी उभ्या उभ्या नको. तीन गोष्टी विचारा: या जागेला बजेट मंजूर झालं आहे का, निर्णय कोण कोण घेणार आहे, आणि कोणत्या तारखेपर्यंत माझ्याकडून काय दिसायला हवं आहे. एरिया मॅनेजरपद मागा किंवा ‘की अकाउंट’ मागा, पण सोबत तुमचा भाग कोण सांभाळेल याचा कच्चा आराखडा घेऊन जा: कोणता ज्युनिअर, कोणते ग्राहक त्याला लगेच देता येतील, कोणते सहा महिने तुमच्याकडे राहतील. त्यांची काळजी तुम्हीच उचललीत की त्यांच्याकडे ‘थांब’ म्हणायला कारण उरत नाही. बैठक झाल्यावर त्याच संध्याकाळी मेल टाका: ‘आज आपलं असं असं बोलणं झालं, माझ्या समजण्यात काही चूक असेल तर कळवा.’ त्याला उत्तर काय येतं, किंवा येतच नाही, यावरून तुम्हाला सहा वर्षांत कळलं नाही ते एका आठवड्यात कळेल.

ऑफरबद्दल त्या बैठकीत बोलू नका. ऑफर टेबलावर ठेवली की चर्चा तुमच्या कामावरून तुमच्या निष्ठेवर जाते, आणि धाकाने मिळालेली बढती देणाऱ्याच्या लक्षात राहते. तुम्ही जायचं ठरवलं आणि राजीनाम्यानंतर पगार वाढवून थांबवण्याचा प्रयत्न झाला, तर माझा स्पष्ट सल्ला आहे की थांबू नका. कालपर्यंत ज्यासाठी बजेट नव्हतं ते आज एका तासात सापडलं, याचा अर्थ ते आधीही होतं.

माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे, ते लपवत नाही. इथे की अकाउंटचं पद तारखेसकट लेखी मिळत असेल, तर राहा. पगार तिथल्या ऑफरइतका झाला नाही तरी राहा, कारण सहा वर्षांत मिळवलेला ग्राहकांचा विश्वास आणि सर्व्हिसवाल्यांचा आधार या दोन्हींचं मोल कुठल्याही ऑफर लेटरमध्ये येत नाही. इथून नुसताच दिलासा मिळाला, आणि तिथे मोठ्या ग्राहकांची जबाबदारी हमीसकट मिळत असेल, तर जा, आणि मागे वळून बघू नका. दोन्हीकडे फक्त टीमच मिळत असेल आणि ज्युनिअरसोबतच्या त्या भेटीत तुमचा जीव गुदमरला असेल, तर दोन्हीला नाही म्हणा. स्पर्धकाची ऑफर गेली तरी तीन वर्षं टार्गेटच्या पुढे असलेल्या माणसाला दुसरी येते.

दहा दिवस यासाठी अपुरे आहेत. स्पर्धक कंपनीला आजच कळवा की तुम्हाला रस आहे, पण कामाचं स्वरूप आणि व्हेरिएबलच्या अटी यांवर बोलायचं आहे, आणि त्यासाठी आणखी आठवडाभर हवा आहे. एवढा वेळ द्यायला जी कंपनी तयार होत नाही, ती डील अडकल्यावर तुम्हाला किती वेळ देईल, याचाही अंदाज येईल. त्याच वेळी तुमचं जुनं नेमणूकपत्र काढून स्पर्धकाकडे जाण्याबद्दल आणि ग्राहकांशी संपर्क ठेवण्याबद्दल त्यात काय अटी आहेत ते वाचा. भाषा कळली नाही तर वकिलाला दाखवा. जायचं ठरलंच, तर राजीनामा तिमाहीचं इन्सेंटिव्ह खात्यात जमा झाल्यावरच द्या, आणि ग्राहकांच्या याद्या, दरपत्रकं यातलं काहीही स्वतःच्या मेलवर पाठवू नका. नव्या ठिकाणी ती लागणार नाहीत, आणि जुन्या ठिकाणी तेवढ्यावरून तुमची सहा वर्षांची पुण्याई संशयात सापडू शकते.